मिएनबाईंचा पाहणीचा तास

...तर काल आपण थांबलो ते मिएनबाईंनी मुलांना हात वर करायला शिकवलं तिथं. हसताय काय? हात वर करणं ही काही जन्माबरोबर येणारी विद्या नाही. आमच्या थाय बिन्ह प्रांतातल्या नदीकाठच्या शाळेत तिची रीतसर तालीम व्हायची, आणि तालीम ठरवणारे होते खुद्द मुख्याध्यापक ख्वातसर.

"बाई, नीट ऐका," ख्वातसर म्हणाले. "साहेबलोक बसणार मागच्या बाकांवर. तिथून त्यांना पोरांची तोंडं दिसत नाहीत, दिसतात ते हात. तुम्ही प्रश्न टाकलात की सगळ्या वर्गाचे हात वर गेले पाहिजेत. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा. ज्याला येत नाही त्यानं डावा. तुम्ही उजव्यांतलाच एक उठवायचा. झालं!"

"आणि डाव्यांचं काय, सर?"

"त्यांचं काय व्हायचंय? कोपर बाकावर टेकवायचं, पंजा ताठ धरायचा आणि चेहरा हुशार ठेवायचा."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो, नाहीतर मध्येच कुणीतरी विचारणार, ह्या बाई कोण म्हणून. मिएनबाई आमच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवायच्या. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. पैलतीरावरून पडावाला हाक मारली की नावाडी झोपेतून उठून बसायचा. पुढं तोच नावाडी, वुओंग, त्यांचा नवरा झाला, म्हणजे आवाजाचा गुण आलाच म्हणायचा.

पाहणीचा तास म्हणजे काय, तर तुम्ही शिकवत असताना चार लोक मागं येऊन बसतात, टिपणं काढतात, आणि तास संपला की चहाच्या टेबलाशी तुमची सालटी काढतात. प्रत्येक मास्तराच्या नशिबी तो असतोच. पण ह्या खेपेची गोष्ट निराळी होती. जिल्ह्याच्या कचेरीनं ठरवलं होतं, की जे मास्तर रशियन सोडून इंग्रजीला आलेत त्यांचा एकेक तास पाहायचा. पसंत पडला तर वर्ग राहील. नाही पडला तर वर्ग काढून घ्यायचा आणि मास्तराला पुस्तकांच्या कपाटाशी बसवायचं. मिएनबाईंच्या जागेवर यायला कॉलेजातून ताजी पास झालेली एक मुलगी तयारच होती.

हो, मिएनबाई मुळात रशियनच्या. चटया विणणाऱ्याची लेक. सगळं घर लव्हाळं कापायचं, वाळवायचं, रंगवायचं. हिचे हातही लहानपणी तांबडे-हिरवे असायचे. पण डोकं असं, की गावानं तिला प्रांताच्या शाळेत धाडलं, आणि तिथून ती मास्तरांच्या कॉलेजात गेली. त्या काळात हुशार पोरांना रशियन मिळायची. हुशारी दाखवली की रशियन, आणखी दाखवली की मॉस्को. मिएनबाईंची हुशारी मॉस्कोच्या अलीकडे थांबली, पण त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. त्या गावी आल्या आणि शिकवू लागल्या. सगळ्या आयुष्यात त्या एकदाच खऱ्या रशियन माणसाशी बोलल्या. कालव्यावरच्या पंपघरात एक इंजिनिअर आला होता, भला दांडगा, घामानं निथळणारा. बाईंनी त्याला विचारलं, "आपल्याला थंडी तर वाजत नाही ना?" पुस्तकातला पहिला धडाच तो होता, दुसरं काय विचारणार! तो माणूस इतका हसला, इतका हसला, की डोळे पुसू लागला. गावकऱ्यांना वाटलं, बाईंनी त्याला त्याच्या आईची आठवण करून दिली.

आणि मग तिकडं रशियाचं राज्यच कोसळलं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडची रशियनही संपली. सुट्टी लागली तेव्हा बाई होत्या, सुट्टी संपली तेव्हा बाईंचा विषयच नव्हता. पुस्तकं रद्दीत गेली. बाजारात भाजलेल्या शेंगा घेतल्या तर पुडीवर बाईंनीच शिकवलेला धडा. त्या पुडी उलगडायच्या, वाचायच्या, घडी घालून पिशवीत ठेवायच्या. शेंगा मात्र खायच्या नाहीत.

सरकारनं अशा सगळ्या मास्तरांना इंग्रजी शिकायला प्रांताच्या गावी बसवलं. चाळिशीला टेकलेली माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची. मिएनबाईंचं व्याकरण पटकन बसलं. वाचनही बसलं. अडलं ते उच्चारावर. आपली बोली शब्द संपताना तोंड मिटते. इंग्रजीला शेवटी हवा सोडावी लागते, 'राइस' म्हणताना तो 'स' दातांतून बाहेर आला पाहिजे. बाई घरी चुलीपुढं बसून म्हणायच्या. चिमूटभर राख तळहातावर घ्यायची आणि शब्द म्हणायचा. राख उडाली तर उच्चार बरोबर.

वुओंग पडाव बांधून घरी यायचा आणि दारातच म्हणायचा, "अगं, भात शिजू दे! सगळं इंग्रजी चुलीवर काढलंस तर विस्तव विझेल."

"तुम्ही गप्प बसा हो. म्हणून दाखवा बघू, 'राइस'."

"राइ."

"आणि स?"

"स कशाला? भात तर आला ना पानात?"

असं करत करत त्यांनी इंग्रजी मिळवली. पण एक गोष्ट होती. राखेचं त्यांनी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. म्हातारपणी अक्षर गिरवल्यासारखं वाटायचं त्यांना ते. वर्गात त्या पुस्तकाप्रमाणे शिकवायच्या: म्हणा माझ्यामागून, पुन्हा म्हणा, बसा. ज्यांना जमायचं त्यांना जमायचं. बाकीची पोरं घोळक्याच्या आवाजात आपला आवाज लपवायची.

आता हेनचंच घ्या. नदीतल्या शिंपल्या गोळा करणाऱ्याची ही पोर, नववीला होती. तिला सगळे शिंपली म्हणूनच हाक मारायचे, नावाचा अर्थच तो. ती घोळक्यात ओठ हलवायची, पण आवाज म्हणून काढायची नाही. तिचा हात डाव्यांतला, हे कुणाला सांगावंही लागलं नाही.

तालमी सुरू झाल्या. गणिताच्या थोमबाई, मिएनबाईंची जिवाभावाची मैत्रीण, साहेब म्हणून मागच्या बाकावर बसायच्या, नाकावर चष्मा ओढायच्या आणि खोकायच्या. पोरं खुदखुदायची. पाठ्यपुस्तकातला एक उतारा निवडला, सायकलनं शाळेत जाणाऱ्या मुलीचा. कुणी कोणती ओळ वाचायची, कुठल्या प्रश्नाला कोण उठणार, सगळं ठरलं. चवथ्या दिवशी ख्वातसर येऊन बघून गेले आणि त्यांचा चेहरा चिंतेत पडला.

"फार बरोबर होतंय," ते म्हणाले. "एक तरी चूक व्हायला हवी, बाई. सगळंच बिनचूक आलं तर साहेबांना वास येईल. एक मूल चुकतं, तुम्ही थांबवता, दुसरं मूल सुधारतं, तुम्ही शाबासकी देता. ह्यालाच अध्यापन म्हणतात."

"मग हेनला उठवा की," थोमबाई म्हणाल्या. "ती न सांगता चुकेल."

"छे, छे! जिला येत नाही ती कुठली चूक करेल याचा भरवसा काय? आपल्याला ठरलेली चूक हवी. ती हुशार पोरगंच करू जाणे."

म्हणून ती चूक वर्गप्रमुख क्वीच्या वाट्याला आली. क्वी म्हणजे वर्गातला पहिला नंबर, गळ्यातला गणवेशाचा लाल रुमालसुद्धा इस्त्री केलेला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"बाई, पण मला तर येतं!"

"म्हणूनच तुला दिलीय."

"मग मी चुकलो असं साहेब लिहून नेतील. माझ्या नावावर?"

"नाव नाही लिहीत रे कुणी. क्रियापदाचं शेपूट, तो शेवटचा 'स', तेवढं सोडून दे. मी 'चूक' म्हणेन, पाठीमागची मुलगी सुधारेल. कळलं?"

"कळलं," क्वी म्हणाला. पण तो आवाज कळलेल्या माणसाचा नव्हता.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी भात वाढला आणि स्वतःचं पान तसंच ठेवलं. वुओंगनं मासा त्यांच्या पानात सरकवला.

"काय झालंय? तोंड का उतरलं?"

बाईंनी हातांचं सांगितलं, ठरलेल्या चुकीचं सांगितलं.

"अरे वा, नाटक बसवलंय म्हणा की," वुओंग म्हणाला. "मला पण एखादं काम द्यायचं. मी भालदार झालो असतो."

"तुम्हाला थट्टा सुचतेय. त्या कपाटात काय आहे ठाऊक आहे? निम्मी माझीच रशियन पुस्तकं आहेत, वाळवी लागलेली. एकदा विषय गेला तेव्हा वाटलं, जाऊ दे, मी तर आहे ना. आता मी पण त्याच कपाटाशी जाऊन बसू? सकाळी शाळा भरल्याचा ढोल वाजवायचा, संध्याकाळी सुटल्याचा ढोल वाजवायचा, आणि मधल्या वेळात वाळवी मारायची?"

वुओंगची थट्टा तिथंच थांबली. तो म्हणाला, "मग नाटक नीट कर," आणि उठून पितरांच्या फळीवर एक जास्तीची उदबत्ती लावून आला.

सकाळी झिमझिम होती, आमच्या थाय बिन्हकडे थंडी सरताना असते तशी, अंगाला न लागणारी आणि अंगात शिरणारी. बाईंनी सणावारी घालायचा तो लांब, जांभळा झगा, आओझाय, अंगावर चढवला आणि चिखल लागू नये म्हणून त्याची टोकं दातांत धरून सायकल मारत शाळेत आल्या. फाटकात जिल्ह्याची जीप उभी होती.

पाहणीला तिघे होते. त्यांतले दोघे तरुण, पेनं पुढं करून बसलेले. मधले लामसाहेब. वयस्क, वाळलेले, जुना लष्करी कोट घातलेले, आणि चेहरा असा की घरी कुणी मेलंय की लग्न आहे हे कळू नये. ख्वातसर त्यांच्या शेजारी, हातांवर हात ठेवून. ढोल वाजला. वर्ग एका झटक्यात उभा राहिला.

"नमस्कार बाई!" सगळ्यांनी इंग्रजीत म्हटलं. शेवटची अक्षरं कुठंतरी बाकाखाली सांडली, पण जोर होता.

तास सुरू झाला आणि लोण्यातून सुरी फिरावी तसा पुढं सरकू लागला. बाईंनी फळ्यावर लिहिलं, अक्षर मोत्यासारखं आलं. उतारा वाचला गेला, ज्यानं वाचायचा त्यानं. पहिला प्रश्न. सगळा वर्ग कोपरं टेकवून पंजे उभारून बसला, भाताचं शेत उभं राहावं तसा. बाईंनी उजव्यांतला एक उठवला. बरोबर. दुसरा. बरोबर. मागं पेनं चालली होती. ख्वातसरांची मान समाधानानं एका लयीत हलत होती. बाईंचं मात्र सगळं लक्ष क्वीकडे होतं.

"क्वी, चित्रातली मुलगी शाळेत कशी जाते?"

क्वी उठला. त्यानं एकदा मागं पाहिलं. मागं पेनं उगारलेले तीन परके लोक बसले होते. आणि देवाला माहीत त्या पोराच्या मनात काय झालं, जन्मात कधी चुकीचं उत्तर न दिलेलं पोर ते, त्याची जीभ चुकीकडे वळेचना. त्यानं अख्खं वाक्य, शेपटासकट, ठणठणीत आणि बिनचूक म्हणून टाकलं.

आणि मिएनबाई म्हणाल्या, "चूक! कोण सुधारेल?"

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा त्यांना कळलं. पण तोवर सगळे हात वर झाले होते. पाठीमागच्या मुलीला उठवण्याचं ठरलेलं होतं, ती न उठवताच उठली, आणि तिनं क्वीचंच वाक्य, अक्षर न बदलता, म्हणून दाखवलं. आणि बाईंच्या तोंडून, चार दिवस तालीम झालेल्या तोंडून, आपसूक बाहेर पडलं, "शाब्बास! बस खाली."

तरुण साहेबांपैकी एकाचं पेन थांबलं. क्वी तसाच उभा, कानापर्यंत लाल झालेला. थोमबाई खिडकीबाहेरून बघत होत्या, त्यांनी कपाळावर हात मारला तो काचेतून सगळ्यांना दिसला.

लामसाहेब उठले. "बाई, मी मध्ये एक विचारलं तर चालेल ना?"

नाही कोण म्हणणार? बाईंनी मान हलवली.

लामसाहेब बाकांच्या मधून पुढं आले, फळ्यापाशी थांबले आणि पोरांकडे वळले. "मुलांनो, पहिल्या उत्तरात काय चूक होती? सांगेल कुणी?"

प्रश्न म्हटला की हात वर. ते पोरांच्या अंगात भिनलं होतं. सगळ्या वर्गाचे हात वर गेले. लामसाहेबांनी ते शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. फार सावकाश पाहिलं.

"छान," ते म्हणाले. "आता उजवे हात खाली."

उजवे हात खाली गेले. डावे राहिले. कुणाला काय करावं कळेना, म्हणून ते तसेच राहिले. अर्ध्याहून जास्त वर्ग. ख्वातसरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते खोकू लागले, पण खोकून काही हात खाली येत नाहीत.

"तू," लामसाहेबांनी कोपऱ्यातल्या बाकाकडे बोट केलं. "काय नाव तुझं?"

"हेन."

"हेन, उतारा वाच बरं. पहिल्या दोन ओळी."

हेन उभी राहिली. पुस्तक तिनं दोन्ही हातांनी धरलं. ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले. पुढच्या बाकावरून कुणीतरी पहिला शब्द कुजबुजलं. तिनं तो उचलला, अर्धा गिळला आणि थांबली. डोळे भरून आले. तिनं साहेबांकडे पाहिलं नाही, पुस्तकाकडेही नाही. तिनं बाईंकडे पाहिलं.

मिएनबाई म्हणायच्या, त्या घटकेला त्यांना कपाटही आठवलं नाही आणि जागेवर येणारी ती नवी मुलगीही नाही. आठवला तो इंग्रजी शिकतानाचा त्यांचा स्वतःचा बाक, गुडघे दुमडून बसायच्या तो, आणि शिकवणारा त्यांच्यावरून नजर फिरवून पुढच्या माणसाला उठवायचा ते. नजर आपल्यावरून गेली की किती हायसं वाटायचं, आणि मग सगळा दिवस किती वाईट.

"साहेब," त्या म्हणाल्या, आणि आता आवाज पैलतीराला हाक मारायचा तो होता, "वर्ग माझा आहे. मुलीला मी विचारते."

लामसाहेब बाजूला सरले.

बाईंनी टेबलावरचा पाठाचा आराखडा उचलला. त्यावर वर ख्वातसरांची सही होती, खाली शाळेचा लाल शिक्का होता. मागून कुणीतरी श्वास ओढला. बाईंनी त्या कागदाची कडेची एक पट्टी टरकन फाडली, हेनच्या बाकापाशी गेल्या आणि ती तिच्या ओठांसमोर लोंबती धरली.

"हेन, साहेबांना विसर. वर्गाला विसर. ही पट्टी हलव. हातानं नाही, फुंकरीनं नाही. शब्दानं. म्हण, 'राइस'."

"राइ," हेन म्हणाली. पट्टी ढिम्म.

"मी पण असंच म्हणायचे. चुलीपुढं बसून म्हणायचे, हातावर राख घेऊन. राख उडायची नाही. माझा नवरा हसायचा. पुन्हा म्हण. शब्द तोंडात ठेवू नकोस, तो खायचा नाहीये."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. हेनच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, आणि त्याच दमात ती म्हणाली, "राइस्स." पट्टी हलली. जरा हलली.

"बघ! आता 'डेस्क'."

"डे..." पट्टी ढिम्म. "डेस्..." हलली. "डेस्क्!" पट्टी उडून बाईंच्या बोटावर आपटली.

मग बाईंनी उरलेला आराखडा फाडला. सगळा. सही, शिक्का, हेतू, साहित्य, सगळ्याच्या पट्ट्या झाल्या आणि डाव्या हातवाल्यांना वाटल्या. सगळा वर्ग पट्ट्यांपुढं तोंड करून फुस् फुस् करू लागला, सापांचं बीळ उघडल्यासारखा. कुणाची हलत होती, कुणाची नाही. जमलं त्यानं शेजाऱ्याला दाखवलं. क्वीलाही एक हवी होती. बाई म्हणाल्या, "तुला येतं, तू खाली बस," तर तो रुसला. एका तरुण साहेबानं मागच्या बाकावर गुपचूप स्वतःच्या टिपणाचा कोपरा फाडला आणि ओठांसमोर धरला. लामसाहेबांनी पाहिलं, तेव्हा त्यानं तो खिशात घातला.

"आता हेन, उतारा. हळू. प्रत्येक शब्दाला पट्टी हलली पाहिजे असं नाही. पण शब्द पुरा झाला पाहिजे."

हेननं वाचायला घेतलं. अडखळत, मध्ये थांबत, एका शब्दाला दोनदा मागं येत. वर्ग गप्प होता. पहिली ओळ संपली. दुसरीच्या मध्यावर ढोल वाजला.

"चला बाई, चला, चहा," ख्वातसरांनी बाईंचं कोपरच धरलं आणि दारातून वर्गाकडे वळून दबक्या आवाजात दरडावलं, "कुणी जागचं हलायचं नाही!"

कचेरीत टेबलावर थर्मास, पेले आणि शेंगदाण्याची चिक्की मांडली होती. कुणी चिक्कीला हात लावला नाही. ख्वातसर चहा ओतत होते आणि तो बशीत सांडत होता.

"हातांचं हे कुणी शिकवलं?" लामसाहेबांनी विचारलं.

ख्वातसरांचा हात थर्मासवरच राहिला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. खरं बोलल्या असत्या तर बाई त्याच क्षणी सुटल्या असत्या, आणि अडकणारा माणूस त्यांच्याच समोर, चहा सांडत उभा होता. घरी तीन पोरं, आजारी आई. वाईट माणूस नव्हता तो, शाळेची लाज राखायला धडपडणारा होता.

"वर्ग माझा," मिएनबाई म्हणाल्या. "हातही माझ्याच वर्गातले."

"मी ते विचारलं नाही."

"मला तेवढंच सांगता येतं, साहेब."

लामसाहेबांनी पेला दोन्ही हातांत धरला, शेकल्यासारखा. "मीही शाळेत होतो एकदा," ते म्हणाले. "कायम डाव्यांत. पाच वर्षांत माझ्यावर पाळी आली नाही. मला वाटायचं, मी मोठाच नशीबवान."

"साहेब, पोरं बावरली," ख्वातसर घाईनं म्हणाले. "आजचा तास धरूच नका. पुढच्या महिन्यात या. आम्ही नीट तयारी ठेवू. मग बघा बाई कशा शिकवतात ते. एकदा 'उत्तम' लिहिलंत की बाईंच्या जागेचा प्रश्न कायमचा मिटला."

"तसंही करता येईल," लामसाहेब म्हणाले. "तयारीचा तास मी पाहीन, उत्तम लिहीन, आणि पुन्हा तुमच्याकडे कुणी फिरकणार नाही. किंवा आजचाच तास धरायचा. पहिला अर्धा पढवलेला, तो मी तसाच लिहीन. दुसरा अर्धा शिकवलेला, तोही लिहीन. मग ह्या वर्षापुरता वर्ग तुमच्याकडे राहील, पण मी येत राहीन, न सांगता, कुठल्याही दिवशी, आणि मागच्या बाकावर बसेन. एकदा जरी डाव्यावरून तुमची नजर उडून उजव्यावर गेलेली दिसली, तर कपाट." त्यांनी पेला खाली ठेवला. "काय करू, बाई?"

ख्वातसर मान हलवून खुणावत होते, हो म्हणा, पुढचा महिना म्हणा. थोमबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी तर हातच जोडले. मिएनबाईंनी ओला झालेला आओझायचा काठ सावरला आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"न सांगताच या, साहेब, वाटेल तेव्हा या. पण आत्ता मला जाऊ द्या. ती हेन अजून उभीच असेल वर्गात, तिला बस म्हणायचं राहिलंय माझं, आणि दुसरी ओळ अर्धी झालीय तिची."